एकशिंग्या बैल आणि पूर्ण वाक्य

मी माझ्या अमेरिकेतल्या भाचीला थाप मारली. नोकरीभर मी पोरांना त्यांच्या घरच्या बोलीतच शिकवत आलो, असं तिला फोनवर ठोकून दिलं. ती ते खरं मानेल, आणि खरं मानून पुढे काहीतरी मागेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

भाची म्हणजे मीनल, माझ्या बहिणीची मुलगी. नागपुरात वाढली, लग्नानंतर तिकडे गेली आणि आता तिथल्या एका शहरात प्राथमिक शाळेत शिकवते. तेव्हा मी निवृत्तीला टेकलेला जिल्हा परिषदेचा शिक्षक. राहायला पुलगावात, आणि शाळा नाचणगाव ओलांडल्यावर लागणाऱ्या एका छोट्या गावात. रविवारी सकाळी मीनलचा फोन आला की आम्ही मामा-भाची नातेवाइकांची खबरबात झटपट उरकतो आणि शाळेवर येतो. दोन शिक्षक भेटले की तिसरा विषय टिकत नाही.

तिच्या वर्गातली बहुतेक मुलं आफ्रिकन-अमेरिकन. ज्यांच्या पूर्वजांना धरून, गुलाम करून तिकडे नेलं, त्यांची ही लेकरं. घरी ती जी इंग्रजी बोलतात ती पुस्तकातल्या इंग्रजीपेक्षा वेगळी. मला वाटलं, वेगळी म्हणजे मोडकी.

"मोडकी नाही मामा," मीनल म्हणाली. "तिचे स्वतःचे पक्के नियम आहेत. मुलं ते कधी चुकत नाहीत. मी तसं बोलायला गेले की मीच चुकते, आणि सगळा वर्ग हसतो."

मग तिने मार्कसचं सांगितलं. हा पोरगा मैदानात खेळाचं असं वर्णन करतो की खेळणारे थांबून ऐकतात. पण तपासायला आलेल्या बाईंसमोर बसवला की तोंडाला कुलूप. त्या बाई म्हणाल्या, याला मंद मुलांच्या वेगळ्या खोलीत बसवा. मीनलचा जीव त्याच्यासाठी तुटत होता. तिने विचारलं, "मामा, तुमच्याकडे असं होतं का हो? तुम्ही काय करता?"

आता खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात माझ्या शाळेतही हेच झालं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं, "आहे ग बाई माझ्याकडेही एक पोरगी, आणि मलाही काही सुचत नाही." पण समोरून अमेरिका विचारत होती. माझी छाती आपोआप फुगली. "छे! आमच्याकडे हा प्रश्नच नाही. मी पहिल्यापासून वऱ्हाडीतच शिकवतो. पोरं कशी धबधब्यासारखी बोलतात!"

मागे आमची मंडळी वांगी चिरत होती. तिला ठसका लागला. फोन ठेवल्यावर म्हणाली, "कवापासून शिकवता तुमी वऱ्हाडीत? आपला पोट्टा लहानपनी तुमच्या वर्गातून येऊन मले 'आई, मला भूक लागली आहे' म्हने, तं मी त्याच्या कपायाले हात लावून पाहो, म्हटलं ताप गिप आला का काय."

ही साक्ष खोडता येण्यासारखी नव्हती.

माझी पहिली नेमणूक कारंजा घाडगेकडची. शाळा हायवेला लागून. एकदा दारात चप्पल काढून मी फळ्यावर लिहीत होतो. दुसरीतला एक पोरगा ओरडला, "सर, कुत्रं तुमची चप्पल घेऊन पळून राह्यलं!" मी वळलो, पण चपलेकडे पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं. म्हटलं, "पळून राह्यलं नाही. पळत आहे. पूर्ण वाक्यात सांग." पोरगं आज्ञाधारक. त्याने हाताची घडी घातली, श्वास घेतला, "सर, कुत्रा आपली चप्पल..." म्हणाला आणि अडखळला. मी पुन्हा म्हणवून घेतलं. त्याचं वाक्य बरोबर येईपर्यंत कुत्रं ट्रकांच्या रांगेतून पलीकडच्या ढाब्यामागे पोचलं होतं. मी पोराला शाबासकी दिली आणि संध्याकाळी एका पायात चप्पल घालून घरी गेलो.

हे पूर्ण वाक्य म्हणजे आमच्या धंद्यातलं मोठं हत्यार. ज्यांचा शाळेशी संबंध सुटून जमाना झाला त्यांच्यासाठी सांगतो. मास्तरने खडू वर धरून "हे काय आहे?" विचारलं तर "खडू" एवढं उत्तर चालत नाही. "हा खडू आहे" असं म्हणावं लागतं. शाळेबाहेर कोणी असं बोलत नाही. किराणा दुकानात कोणी हाताची घडी घालून "मला पाव किलो साखर हवी आहे" म्हणाला, तर पुलगावच्या बाजारातली माणसं त्याला आधी सावलीत बसवतील, मग पाणी पाजतील. पण आम्ही त्याच वाक्यावर पगार घेतला.

बरं, मी काही पुण्याहून आलेला नव्हे. मीही घरी वऱ्हाडीच बोलतो. रागावलो की तर फक्त तीच येते. पण शाळेच्या फाटकात स्कूटर लावली की हेल्मेट काढायचं, त्यासोबत बोलीही काढायची आणि दोन्ही हँडलला अडकवायची. आमच्या पिढीच्या सगळ्याच शिक्षकांची ही सवय. संध्याकाळी दोन्ही घालून घरी. पहिलीत आलेलं पोर थोड्याच दिवसांत ओळखतं की इथे तोंड उघडलं की कोणीतरी हात घालून दुरुस्ती करतं. काही पोरं पुस्तकाची भाषा उचलतात आणि फाटकाच्या आत एक, बाहेर एक असं बेमालूम बोलतात. काही पोरं सरळ दुकान बंद करतात.

दुकान बंद केलेल्यांपैकी एक होती तिसरीतली प्रांजली. हिचे वडील दिनेशभाऊ, गावातले जुने शेतकरी, कापूस आणि तुरीवाले. पोरगी गणितं करायची, सुवाच्य लिहायची. पण तोंडी काही विचारलं की खिडकीबाहेर पाहायची. खिडकीबाहेर कडुनिंब होता. त्या झाडाला जेवढं तिने पाहिलं तेवढं मी माझ्या नोकरीत फळ्याला पाहिलं नसेल.

एके दिवशी केंद्रप्रमुख साहेब भेटीला आले. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा अधिकारी. आमचे साहेब माणूस चांगले, फक्त कायम पुढच्या शाळेच्या घाईत. त्यांनी बाजाराचं एक रंगीत चित्र प्रांजलीसमोर धरलं. "बाळ, या चित्रात काय काय दिसतं?"

प्रांजलीने चित्राकडे पाहिलं. मग साहेबांकडे. मग माझ्याकडे. मग कडुनिंबाकडे.

"ही कोण आहे? भाजीवाली ना? आणि हे काय आहे? सांग बरं."

कडुनिंब.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पोळ्यानंतर तालुक्याला तपासणीचं शिबिर आहे. हिला पाठवा. मला हिच्यात काहीतरी कमी वाटतं." मी मान हलवली. साहेब समोर असले की माझी मान माझी नसते.

शिबिर वाईट असतं असं नाही. तिथे कानाचं यंत्र मिळून पहिल्यांदा स्वतःचं नाव ऐकलेली पोरं मी पाहिली आहेत. पण प्रांजलीचे कान चांगले होते. मधल्या सुटीत पार गेटाशी कोणी खाऊची पुडी फोडली तरी तिला ऐकू यायचं. आणि दिनेशभाऊंना निरोप कळताच ते शाळेत आले, दारातच उभे राहिले.

"सर, शिबिरातून ते काई लिहून देतीन, ते कागदावर राहीन. पन गावानं एकदा 'अर्धी' म्हटलं का ते जन्मभर राह्यते. लग्न होईस्तोवर अन् लग्न झाल्यावरबी. तिले तिथं धाडाचं असन तं मी तिले शाळेतूनच काढतो. आर्वीले मावशीकडे ठेवतो, घरातलं काम शिकन."

"दिनेशभाऊ, पोळ्याला वेळ आहे. पाहतो मी काहीतरी," मी म्हटलं. काय पाहणार, ते मला माहीत नव्हतं.

अशा आठवड्यात मी मीनलला धबधब्याची थाप मारली. आणि तिने लगेच मागणी केली, "मामा, वर्गात शिकवतानाचं थोडं रेकॉर्ड करून पाठवा ना! मुलांचं नको, तुमचंच चालेल. मला आमच्या मुख्याध्यापक बाईंना ऐकवायचंय, अर्थ मी सांगेन. मार्कसचं सांगताना उपयोगी पडेल."

झालं. आता एका पोरीचं भवितव्य माझ्या मानेवर आणि एका पोराचं माझ्या थापेवर.

सोमवारी मी हेल्मेट काढलं आणि ठरवून बोली डोक्यावरच ठेवली. फोन टेबलावर उभा केला, रेकॉर्डिंग सुरू केलं, खडू उचलला आणि दणक्यात म्हणालो, "काय पोट्टेहो! सांगा बरं, हे काय हाये?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्या बाकावरचा एक उठला, हाताची घडी घातली आणि मी इतक्या वर्षांत कोणाकडून काढून घेऊ शकलो नव्हतो अशा निर्मळ उच्चारात म्हणाला, "सर, हा खडू आहे."

"अरे, तुह्या घरच्यासारखं सांग ना बाप्पा! काऊन घाबरतं?"

"नाही सर, मी घाबरलेलो नाही."

मी डस्टर दाखवलं, घंटा दाखवली, नकाशा दाखवला. मी वऱ्हाडीत विचारत होतो, वर्ग पाठ्यपुस्तकात उत्तरं देत होता. जणू आम्ही आपापल्या भाषांची अदलाबदल करून घेतली होती आणि कोणालाच नवी मापात बसत नव्हती. प्रांजली मात्र या वेळी खिडकीबाहेर पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती, आणि ती नजर मला आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी दिनेशभाऊ पुन्हा हजर. या वेळी आत आले.

"सर, एक पुसू का? पोट्ट्याइची नक्कल काऊन करता?"

"नक्कल?"

"प्रांजली घरी सांगत होती. म्हने, सर आमच्यासारखं बोलून आमाले हासून राह्यले होते. आमी गावढे हाओत, मान्य हाये. पन तुमी तं मास्तर हा ना?"

मी घाईघाईने समजावलं. मुलांना घरच्या भाषेत शिकवलं तर मोकळं वाटतं, वगैरे. दिनेशभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"घरची भाषा तिले घरी भेटते ना. तिची आई दिवसभर देते. शाळेत आमी थे घ्याले धाडतो जे आमच्याजवळ नाई. उद्या तहसीलीत, दवाखान्यात कोनी तिले पुस्तकाच्या मराठीत बोललं तं तिनं खाली मान घालून उभं राहावं का, माह्यासारखं?"

ते गेल्यावर मी फोनमधलं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. रविवारी मीनलला म्हटलं, फोनचा माईक बिघडला. पण दिनेशभाऊंचं बोलणं तिला सांगितलं, दुसऱ्या कोणाचं तरी म्हणून. ती म्हणाली, "मामा, अगदी हेच! इथेही शाळांनी मुलांच्या घरच्या इंग्रजीचं नाव काढलं की आईबापच आधी चिडतात. म्हणतात, आमच्या मुलांना बाहेरच्या जगाचं इंग्रजी द्यायचं टाळता का? आणि त्यांचं चूक नाही. पण म्हणून घरचं बोलणं चुकीचं ठरवायचं, हेही बरोबर नाही. मग करायचं काय?"

दोन टोकांना दोन शिक्षक, आणि मधे एवढा मोठा समुद्र.

पोळा आला. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी मोठ्यांचे खरे बैल, दुसऱ्या दिवशी लेकरांचे लाकडी. पायाखाली चाकं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, नाकात दोरी. पोरं नटूनथटून ते ओढत आणतात. आमच्या गावात हा पोळा शाळेच्या अंगणात भरतो, आणि त्या वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून मी केंद्रप्रमुख साहेबांनाच बोलावलं. माझा हिशोब असा, की सणाच्या दिवशी साहेब खुशीत असतील, तेव्हा प्रांजलीचं नाव मागे घ्यायला सांगू.

साहेब रांगेतून बैल पाहत निघाले. मागे मी, हातात बक्षिसांच्या पेन्सिली. शेजारी दिनेशभाऊंसकट अर्धं गाव. साहेब प्रत्येक पोरापाशी वाकून विचारत होते, "अरे वा! हा कोणता प्राणी आहे?" आणि प्रत्येक पोर सांगत होतं, "हा बैल आहे." बैलांच्या पोळ्यात, बैलाची दोरी धरून, बैलाला बैल म्हणवून घेणं चाललं होतं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तर मान डोलवत होतो.

प्रांजलीपाशी आले. तिच्या बैलाला झूल छान होती, पण डावं शिंग नव्हतं. "हा कोणता प्राणी आहे, बाळ?"

प्रांजलीने साहेबांकडे पाहिलं. मग बैलाकडे. मग कडुनिंब शोधायला लागली.

साहेबांनी माझ्याकडे पाहून किंचित खांदे उडवले. दिनेशभाऊंनी ते पाहिलं. ते पुढे सरकले आणि पोरीला उचलून न्यायला हात लांब केला. मला वाटलं, संपलं. गेली ही आर्वीला.

तेवढ्यात साहेब सरळ होता होता थबकले आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "अरेच्चा! याचं शिंग कुठं गेलं?"

"शिंग ना?" प्रांजली म्हणाली.

तिचा आवाज असा आहे, हे मला तेव्हा कळलं. जाडसर, किंचित घोगरा.

"थे असं झालं साहेब, का आमच्या घरी बकरी हाये, चंद्री. तिले दोर खायाची लय सवय हाये. अन् बाबानं बैलाले नवा दोर लावला, लाल. मी आईले म्हनत होती का वरतं ठेव, वरतं ठेव. तं आई म्हने, लाकडाच्या बैलाले कोन खाते? मंग मी न्हाऊन बाहेर आली अन् पायते तं काय! चंद्रीच्या तोंडात दोर, दोराले बैल, अन् बैलामागं आमचा सोनू. थो लहान हाये ना, त्याले वाटलं का खराच बैल पळून राह्यला! तं थो असा दोनी हात करून—"

साहेब वाकलेलेच राहिले. दिनेशभाऊंचा हात हवेतच. मागे बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि मी, ज्याने या क्षणासाठी काय नाही केलं, त्या मी काय केलं असेल? माझ्या तोंडून, मला न विचारता, नोकरीभराच्या सवयीने, निघालं:

"प्रांजली, हळू. पूर्ण वाक्यात सांग."

तिचे हवेतले हात खाली आले. हाताची घडी झाली. ती म्हणाली, "बैलाचे शिंग तुटले आहे."

आणि दुकान बंद.

अंगणातले लाकडी बैलही माझ्याकडे पाहतायत असं वाटलं. कारंजाचं ते कुत्रं आठवलं. या वेळी ते दोन्ही चपला घेऊन गेलं होतं.

साहेब हळूच म्हणाले, "सर, चहाचं काय झालं?"

"झाला ना साहेब. घेतला तुम्ही."

"मला अजून पाहिजे. तुम्ही स्वतः जाऊन सांगा. आणि सांगून लगेच येऊ नका, करवून आणा."

मी स्वयंपाकाच्या खोलीत गेलो. साहेब अंगणातल्या पायरीवर बसलेले खिडकीतून दिसले. त्यांनी तिला काहीतरी विचारलं. तिने आधी स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग तिचे हात पुन्हा वर आले. शब्द ऐकू येत नव्हते, स्टोव्ह भणभणत होता. फक्त हात दिसत होते: बकरी, दोर, सोनू, मग विहिरीसारखं काहीतरी खोल, मग काहीतरी उडालं. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. दिनेशभाऊ, जे शाळेत कधी हसले नव्हते, ते गुडघ्यावर हात मारत होते. मी चहा घेऊन धावत पोचलो तेव्हा गोष्ट संपली होती.

"शिबिराचं राहू द्या," साहेब म्हणाले. "हिला बोलता येत नाही असं कोणी ठरवलं होतं?"

मी नम्रपणे चहा पुढे केला. मग न राहवून विचारलं, "साहेब, शिंग कसं तुटलं?"

"अहो, ते तर भन्नाटच आहे," ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना बक्षिसं वाटायला बोलावलं. पुढे त्यांची बदली झाली. शिंगाची गोष्ट माझी ऐकायची राहिलीच, आणि गावात कोणाला विचारावं तर 'प्रांजलीलेच पुसा' म्हणून सगळे हसत.

काही दिवसांनी मधल्या सुटीत मी प्रांजलीला विचारलं, "त्या दिवशी साहेबांनी चित्र दाखवलं, तेव्हा बोलली का नाहीस?"

ती थोडा विचार करून म्हणाली, "चित्र त्याइच्याच हातात होतं ना."

"मग?"

"त्याइले दिसून राह्यलं होतं. मंग मले काऊन पुसत होते? मले वाटलं का त्याइच्या मनात काई वेगळंच हाये, मले समजून नाई राह्यलं."

मी बाकावर बसलोच. खरंच की. तिच्या घरी कोण कोणाला माहीत असलेलं विचारतं? बाप विचारतो, मोटर सुरू झाली का, कारण त्याला माहीत नसतं. आई विचारते, बकरी कुठी गेली, कारण बकरी खरंच कुठेतरी गेलेली असते. माहीत असून विचारणं म्हणजे तिच्या घरात एक तर थट्टा, नाही तर चोरी पकडणं. आणि आमच्या शाळेत मात्र प्रत्येक प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात. मी खडू हातात धरून "हे काय हाये" विचारत होतो. शब्द वऱ्हाडी, पण विचारणं मास्तरचंच. पोरांना नक्कल वाटली यात नवल ते काय?

रविवारी मी मीनलला सगळं खरं सांगितलं. थापेसकट. ती हसली. "मामा, ते मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. फोन ठेवल्यावर मामींनी मला भुकेचा आणि तापाचा किस्सा पाठवला होता." आमच्या घरात साक्षीदार असा परदेशातही साक्ष देतो.

पण पुढच्या फोनला तिचा आवाज वेगळा होता. "मामा, मी मार्कसला विचारलं, तुमच्या त्या खेळात बाद कोण हे कसं ठरवता? मला खरंच कळत नाही. तो घंटा होईपर्यंत बोलला. आमच्या मुख्याध्यापक बाईंनी दारात उभं राहून ऐकलं. त्याचं अजून पूर्ण ठरलेलं नाही, पण वेगळ्या खोलीत न्यायचं सध्या थांबलंय." मग म्हणाली, "पुस्तकातलं इंग्रजी मी त्याला शिकवणारच. पण आधी तो बोलला तरी पाहिजे ना?"

मी तिला एकशिंग्या बैलाचा फोटो पाठवला होता. तिच्या वर्गाकडून प्रश्न आला, "याला ब्रेक असतो का?" मी माझ्या वर्गाला सांगितलं की तिकडेही अशी मुलं आहेत, ज्यांचं घरचं बोलणं वेगळं आणि पुस्तकातलं वेगळं. पोरांनी गंभीरपणे विचार केला. पहिल्या बाकावरच्याने विचारलं, "मंग त्याइच्या म्याडमबी नक्कल करते का?"

त्यानंतर मी रोज वर्गात एक तरी खरा प्रश्न विचारायचं ठरवलं, म्हणजे ज्याचं उत्तर मला माहीत नाही असा. सोपं वाटलं होतं. पण मास्तरला माहीत नसण्याची सवयच राहिलेली नसते. घरी विचार करत बसलो तर मंडळी म्हणाली, "तुमाले माहीत नाई अशा गोष्टी का कमी हायेत? मी सांगत बसली तं शाळा सुटून जाईन." प्रश्न निघत गेले. पोरं बोलत गेली, आपल्या बोलीत. मग तीच गोष्ट पुस्तकाच्या मराठीत लिहायची, कारण दिनेशभाऊंचं तहसिलीचं बोलणं मी विसरलो नव्हतो. प्रांजली दोन्ही करू लागली. चौथीत तिने परिपाठाला बातम्या वाचल्या तेव्हा दिनेशभाऊ फाटकाबाहेर मोटारसायकल बंद करून उभे होते. आर्वीच्या मावशीकडे ती फक्त दिवाळीला गेली.

माझ्या निरोपाच्या दिवशी भाषणं झाली. मी मुलांना घरच्या भाषेतून शिकवणारा शिक्षक आहे, असं एका वक्त्याने ठणकावून सांगितलं. माझीच थाप, वेगळ्या तोंडून. मी हार घालून खाली मान घालून ऐकलं. कार्यक्रम संपल्यावर प्रांजलीला बोलावलं. म्हटलं, "आता मी तुझा सर नाही. आता तरी सांग. सोनूने हात असे केले, मग पुढे काय झालं? शिंग तुटलं कसं? खरंच माहीत नाही मला. मनापासून विचारतो."

तिने माझ्याकडे पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत, हारासकट.

"तुमाले नाई सांगत, सर. तुमी ऐकता कमी अन् तपासता जास्त."